लाईन आली म्हणून

सतरंजीवर माणसं बसलेली असली की तिचा कोपरा जमिनीला चिकटून असतो. माणूस उठला तरी तो लगेच वर येत नाही. आधी कडेची सुतं ताठ होतात, मग घडीची जुनी रेघ दिसू लागते आणि शेवटी कोपरा हळूच आत वळतो. उंद्रीच्या शाळेच्या पटांगणात, भरदुपारी, स्टेजवरून लांबलचक स्वगत म्हणताना प्रतीक्षा त्या कोपऱ्याकडे पाहत होती. दुसरा अंक संपायच्या आत तो पुरता वळला होता.

नाटक तिच्या नवऱ्याचं, प्रसेनजितचं. तो चिखलीच्या कॉलेजात मराठी शिकवायचा, ती तिथेच भौतिकशास्त्र. नाटकात पात्रं दोनच, काळ आणि अस्तित्व. काळ तो आणि अस्तित्व ती.

समोर बसलेला कडूबा कमरेत वाकून उठला. "सर, लाईन आली वाटते. मोटर लावून येतो," असं स्टेजकडे बघून अदबीनं म्हणाला आणि गेला. त्याच्यामागे रांगच लागली. प्रत्येकाची मोटर. शेवटी बनाबाई उठली. तिला ना शेत ना विहीर. तीही "लाईन आली हो बाई" म्हणत पदर झटकून चालती झाली.

कुंपणापलीकडेच कडूबाची विहीर होती. मोटरच्या पेटीवर तीन दिवे; तिन्ही लागले की थ्री फेज आली समजायचं, त्याशिवाय मोटर चालत नाही. स्टेजवरून स्पष्ट दिसत होतं, एकच लागला होता.

पडदा पडल्यावर प्रसेनजित रिकाम्या सतरंजीकडे पाहून म्हणाला, "पुढचे प्रयोग विजेचं वेळापत्रक बघूनच ठेवावे लागतील. एकाग्रतेचा पार भंग होतो."

तो मनापासून बोलत होता, आणि याचंच तिला भय वाटलं. जिल्ह्याच्या साप्ताहिकानं नाटकाबद्दल लिहिलं होतं: चिंतनशील, संथ लयीचं, प्रेक्षकांच्या संयमावर नितांत विश्वास ठेवणारं. ते कात्रण त्यानं फ्रेम करून दिवाणखान्यात लावलं होतं. दोष तरी कुणाला द्यायचा? पहिल्या वाचनाला तिला स्वतःला डुलकी लागली होती. जाग आल्यावर ती म्हणाली होती, "भारदस्त आहे." कुणालाच न दुखवणारा शब्द. तेवढ्यावर त्यानं आणखी एक अंक लिहिला.

आणि आता तो नोकरी सोडणार होता. कायम झाल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. गावोगाव प्रयोग करायचे, म्हणे. गावोगाव माणसं अशीच सभ्यपणे उठून जातील, आणि हा वेळापत्रकं चाळत बसेल.

कडूबा सतरंजी गुंडाळायला परत आला.

"लागली का मोटर, कडूबाभाऊ?" तिनं विचारलं.

त्यानं पेटीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "लागन न."

"नाटक कसं होतं?"

"भारी होतं."

"खरं सांगा."

"खरंच भारी. उचलल्या नाही गेलं आमच्यानं." तो खाली बघून हसला, मग गंभीर झाला. "सर देवमाणूस हायेत बाई. आमच्या पोराले फुकट शिकवलं त्यायनं. त्यायले आमी काऊन दुखवाव? असं सांगाले घरचंच माणूस लागते."

सतरंजी खांद्यावर टाकून तो निघून गेला. प्रतीक्षानं चेहऱ्यावरचा पांढरा रंग पुसायला घेतला. रंग गालावरच फिरत राहिला.

प्रसेनजित बॅग भरत म्हणाला, "उद्या प्राचार्यांना राजीनामा देतो. मग सोनाळ्यापासून सुरुवात. तिथं कोरडवाहू शेती जास्त असेल का गं? म्हणजे मोटरींचा व्यत्यय नाही."

नेहमीचे शब्द तिच्या जिभेवर तयारच होते. संयत, गंभीर, भारदस्त. त्यातला एखादा उच्चारला की आजचा दिवस निभावला असता.

"लाईन आलीच नव्हती," ती म्हणाली.

तो बॅगेवरून वळला. "म्हणजे?"

"एकच दिवा लागला होता. ते नाटकाला कंटाळून गेले. नाटक रटाळ आहे हो, पहिल्या दिवसापासून. मी सोनाळ्याला येणार नाही. यापुढे यात काम करणार नाही."