जड झालेलं नाव

“हे नाव आता या घरात काढायचं नाही. चुकूनसुद्धा नाही,” म्बाह सोमा म्हणाले आणि त्यांनी खिरीचा द्रोण पुढ्यात ओढला. वस्तीतले ते सगळ्यांत थोरले आजोबा. त्यांच्या शब्दाबाहेर कुणी जात नसे. “नाव जड झालंय पोराला. अंगाला पेललं नाही की मग ते डोक्यात जातं.”

लासियेम मान हलवत वाढत होती. द्रोणात अर्धी खीर लाल, ताडगुळाची. अर्धी पांढरी, नारळाच्या दुधाची. शेजारपाजार बोलवायचा, सगळ्यांनी नवं नाव कानावर घालून घ्यायचं, खीर खायची आणि घरी जायचं. एरवी हे किरकिऱ्या तान्ह्या पोरांसाठी करतात. लासियेमचं पोर तिशी ओलांडून गेलं होतं आणि भिंतीला टेकून स्वतःच्या पायाच्या बोटांकडे बघत बसलं होतं.

“बापाचंच चुकलं,” शेजारची गिनाह म्हणाली. “जन्मभर नाटकात भालदार म्हणून उभा राहिला आणि पोराला नाव काय ठेवलं, तर विराबुवाना. साऱ्या भुवनाचा वीर. नाव मोठं आणि...”

“गिने, खीर खा,” लासियेम म्हणाली.

नवं नाव ठरलं बेजो. बेजो म्हणजे नशीबवान. दोन अक्षरांचं, उचलायला हलकं.

त्याच्या कानातले आवाज जुन्या नावाने हाका मारायचे. कधी उसाच्या फडातून, कधी विहिरीतून, कधी भर दुपारी छपरावरून. विराबुवाना, चल. आणि तो उठून चालू लागायचा. मागच्या साली असाच गेला, तो पार समुद्राकाठी सापडला. पायांची सालटं निघाली होती. लासियेमला बघून म्हणाला, “बाई, तुम्ही कोण?” ते ‘बाई’ तिच्या काळजात अजून रुतून होतं. नवऱ्याने हौसेने ठेवलेलं नाव तिने सोडलं ते त्या एका शब्दापायी. नवरा असता तर भांडला असता. पण तो मातीआड झाला होता आणि पोर अजून हातात होतं.

गुण आला. सरकारी दवाखान्यातली नर्स म्हणाली, गोळ्यांचा. म्बाह सोमा म्हणाले, नावाचा. लासियेमने दोघांकडेही तेंपेच्या पुड्या पोचवल्या आणि कुणालाच दुखवलं नाही. तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या, हाच तिचा धंदा. बेजो आता सकाळी उकडलेलं सोयाबीन टोपलीत घालून पायांनी तुडवायचा, सालं काढायचा, आंबवण घातलं की केळीच्या पानात पुड्या बांधायचा. हाक मारली की ओ द्यायचा. हसायचा मात्र नाही, रुसायचाही नाही. आपलं पोर कुठेसं गेलंय आणि त्याच्या जागी कुणी भला गडी कामाला राहिलाय, असं लासियेमला अधूनमधून वाटायचं. मग ती स्वतःलाच दटावायची. मिळालंय त्यात सुख मान, फार हाव बरी नव्हे.

त्या दिवशी मेरापी डोंगरावरून उतरलेलं धुकं दुपार झाली तरी हटलं नव्हतं. नारळाची नुसती खोडंच दिसत होती, वर शेंडे नव्हतेच. कुणाचा तरी कोंबडा भलत्याच वेळी आरवत होता आणि तो आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. लासियेमने भात वाढला, वर तळलेलं तेंपे ठेवलं. बेजो ताटाला हात लावेना.

“काय झालं रे? बरं नाही का?”

“आई, तो जेवला का?”

“कोण?”

“विराबुवाना.”

तिच्या हातातला डाव तसाच राहिला. “ते नाव काढायचं नाही, बेजो.”

“कुणी काढत नाही, म्हणून तर तो बाहेर उभा आहे,” लहान मुलाला समजवावं तसं तो म्हणाला. “खीर खाल्लीत ना तुम्ही, तेव्हापासून. अंगणात. हाक मारल्याशिवाय येणार कसा? आणि तो उपाशी असताना मी जेवू?”

“तू जेव. त्याला मी मागाहून देते.”

“मागाहून म्हणजे नाहीच. मला ठाऊक आहे.”

लासियेम दारात गेली. तिला भीती वाटत होती. हाक मारली आणि ती त्या आवाजांनी ऐकली तर? पुन्हा समुद्र, पुन्हा ‘बाई, तुम्ही कोण?’ पण बाहेर कुणी भुकेलं उभं आहे आणि ते आपलंच पोर आहे, हे एकदा कानावर आल्यावर आईचा पाय घरात ठरतो थोडाच?

“विराबुवाना,” ती पुटपुटली.

“अशी नाही. बाबा हाक मारायचे तशी मार.”

बाबा मारायचे ती हाक नव्हतीच, ललकारी होती. राजा दरबारात येताना भालदाराने द्यावी तशी. लासियेमने श्वास भरून घेतला आणि एकेक अक्षर सुटं करत नाव पुकारलं. गिनाहची खिडकी उघडली. “अगं, काय करतेस हे? म्बाहनी काय बजावलंय?” लासियेमने तिकडे बघितलं नाही.

तिच्या अंगाला घासून काहीतरी गेलं. बेजो बाहेर पडला होता, आणि चार पावलांत धुक्याने त्याला पुसून टाकलं. तिने चौकट घट्ट धरली. केलंस ना शेवटी, तिचं मन तिला म्हणालं.

मग रांजणाशी पाण्याचा आवाज झाला. कुणीतरी पाय धूत होतं.

“आलो, आई,” तो आत येत म्हणाला. केस ओले होते, कपाळाला आठी होती. “किती वेळ उभं केलंस. भात निवला बघ.”

तो ताटावर बसला, भराभर चार घास घेतले आणि थांबला. “अजून एक ताट कर. बेजोसाठी झाकून ठेव.”

“तो कुठे गेला?”

“बाहेर. येईल. कामाला चांगला आहे बिचारा, त्याला तोडू नकोस.”

“नाही तोडत,” लासियेम म्हणाली.

तिने दुसऱ्या ताटात भात वाढला, तेंपेचा त्यातल्या त्यात मोठा तुकडा त्यावर ठेवला आणि केळीच्या पानाने झाकून ते भिंतीशी सरकवलं. मग ती जेवणाऱ्यासमोर येऊन बसली. एकाचं नाव घेतलं की दुसरा बाहेर राहतो. म्हणून ती नुसतं म्हणाली, “बाळा, भात घे अजून.”