शिफारशीच्या कपाटातली बाई

उमाताईंचा संशयी स्वभाव काही आजचा नव्हता. दूधवाल्याचं माप असो की डॉक्टरांचं निदान, कुणी काहीही सांगितलं की त्यांच्या तोंडून पहिला शब्द बाहेर पडायचा, "कशावरून?" लग्नाच्या बोलणीत दिनानाथरावांच्या मामांनी "मुलगा निर्व्यसनी आहे हो" म्हटलं, तेव्हाही आतल्या खोलीतून हाच प्रश्न आला होता म्हणे. मामा खोटं बोलले नव्हते. दिनानाथरावांनी सुपारीच्या खांडालाही कधी हात लावला नाही. अंबरनाथच्या कारखान्यात अधिकारी होते, वेळेत गेले, वेळेत आले, निवृत्त झाले आणि सोनिवलीच्या नव्या सोसायटीत फ्लॅट घेऊन पेपर वाचत बसले. अशा माणसावर संशय घ्यायचा तरी कसला? उमाताईंची तीच तर अडचण होती.

दिवाळीनंतर ती दूर झाली.

गावाकडे बकुळामावशी वारली. दिनानाथराव लहान असताना त्यांची आई, विठाबाई, तापाने गेली, तेव्हापासून याच मावशीने त्यांना वाढवलं होतं. उमाताईंचा गुडघा धरला होता म्हणून तेराव्याला ते एकटेच कोकणात जाऊन आले. आले ते गप्पगप्प. दुःख असेल, म्हणून उमाताईंनी थोडे दिवस सोडून दिलं. पण दुःखात माणूस वाचनालयाचं सभासदत्व घेतो का? यांनी घेतलं. आणि आणलं काय? तर चित्रकलेची पुस्तकं! चेहऱ्यांची चित्रं, छायाप्रकाश, फोटो कसा काढावा. पंचांगापलीकडे कधी पान न उलटलेला माणूस दिवाणखान्यात बसून बायकांचे चेहरे न्याहाळू लागला. उमाताई चहा घेऊन आल्या की पुस्तक पटकन मिटायचं.

मग एका सकाळी मिशी गेली.

लग्नाआधीपासूनची मिशी! उमाताईंनी विचारलं तर म्हणाले, "उगाच. पांढरी झाली होती." गेली दहा वर्षं पांढरीच होती की. आणि त्याच सुमाराला आणखी एक गोष्ट उमाताईंच्या ध्यानात आली. भिंतीवर विठाबाईंची तसबीर होती, कुणा चित्रकाराने काढलेली. ऐन तिशीची बाई, नाकात मोत्यांची टपोरी नथ. रोज आंघोळ झाली की दिनानाथराव तिला हार घालून, उदबत्ती लावून हात जोडायचे. ते त्यांनी बंद केलं. आता तर ते तसबिरीकडे मान वर करून बघतही नव्हते. ज्याला आईच्या तोंडाकडे बघवत नाही, त्याच्या मनात काय असणार? उमाताईंच्या मनात पाल चुकचुकली, आणि एकदा चुकचुकली की ती पाल काही गप्प बसणारी नव्हती.

त्या थेट वाचनालयात गेल्या. दारातच एक काचेचं कपाट होतं. "या महिन्याची शिफारस : चित्र, चित्रकार, छायाचित्रण" अशी सुबक अक्षरातली पाटी होती. टेबलाशी ग्रंथपाल सुरुची बसली होती. पस्तिशी-चाळिशीची, नाकात चमकी, आणि कमरेखाली जाणारी काळीभोर वेणी. उमाताईंनी आधी वेणी पाहिली आणि मग कपाट.

"ही पुस्तकं कोण नेतं हो?"

"अहो, कुणीच नाही!" सुरुची हसली. "एवढ्या हौसेने शिफारस करते, पण लोकांना रहस्यकथा हव्यात. एक दिनानाथकाका तेवढे नेतात. खूप मन लावून बघतात बिचारे. परवा विचारत होते, बायकांचे चेहरे असलेलं अजून काही आहे का."

"बायकांचे?" उमाताईंचा आवाज कोरडा पडला. "कसल्या बायकांचे?"

"तिशीच्या आसपासच्या, म्हणाले." सुरुचीने वेणी पाठीवर टाकली. "तुम्ही ओळखता का काकांना?"

"थोडंफार," म्हणून उमाताई पायऱ्या उतरल्या. साठी बुद्धी नाठी म्हणतात, ते दुसऱ्याच्या नवऱ्याबद्दल असतं असं त्यांना आजवर वाटत होतं.

त्याच आठवड्यात दिनानाथराव आंघोळीला गेले असताना त्यांचा फोन वाजला. उमाताईंनी उचलला.

"हॅलो, साब को बोलना, उल्हासनगर कॅम्प दो से फोन था. मॅडम के लिए जो बोला था ना, वो आ गया है. एकदम फर्स्ट क्लास!"

"कौन मॅडम?"

"अभी वो तो साब को मालूम, बहनजी," पलीकडचा हसत म्हणाला आणि फोन ठेवला.

दुपारी दिनानाथराव "जरा उल्हासनगरला जाऊन येतो, चपला बघायच्यात" म्हणून गेले आणि चपला न घेताच परतले. रात्री शर्ट मशीनमध्ये टाकताना उमाताईंना कॉलरवर एक केस मिळाला. हातभर लांब, काळाभोर. उमाताईंचे केस खांद्यापर्यंत, आणि त्यातले निम्मे पांढरे. हातच्या कंकणाला आरसा कशाला! त्यांनी तो केस कागदात गुंडाळून उशीखाली ठेवला, आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. रडू येत होतं, पण रडण्याआधी पुरतं कळायला हवं होतं.

त्यांना कळायला हवं होतं म्हणून सकाळी त्यांनी घरातलं कपाट उघडलं. साड्यांखाली एक लाकडी डबी होती. तिच्यात सासूबाईंची नथ असायची, तसबिरीतली तीच. विठाबाईंची म्हणून एवढीच वस्तू मागे उरली होती. लग्नात बकुळामावशीने ती उमाताईंच्या नाकात घातली होती आणि म्हणाली होती, "तुला सासू नाय गो, पन तिची ही नथ हाय." सासूचा जाच नाही म्हणून मैत्रिणी हेवा करायच्या, उमाताईही हसून मान डोलवायच्या. पण गौरीच्या दिवशी ती नथ घालताना, कुणी तरी समोर बसून "जरा वर कर, वाकडी झालीय" म्हणायला हवं होतं, असं त्यांना दरवर्षी वाटायचं.

डबी रिकामी होती.

मिशी गेली, केस सापडला, ते सगळं एकवेळ गिळलं असतं. पण नथ? उमाताईंच्या डोळ्यांपुढे ती नथ सुरुचीच्या चमकीच्या जागी येऊन बसली. त्यांनी पुण्याला मुलाला, उन्मेषला फोन लावला. "मी येतेय. किती दिवस ते विचारू नकोस." बॅग भरून पलंगाखाली सरकवली. फक्त जायच्या आधी एकदा रंगेहाथ पकडायचं होतं. आपल्याला कुणी "कशावरून?" विचारलं तर सांगता यायला हवं.

सोमवारी त्यांनी साडी नेसली, पूजेची पिशवी घेतली आणि मोठ्याने म्हणाल्या, "अंबरनाथला जातेय, शंकराला. दुपार होईल." रिक्षा स्टँडपर्यंत गेल्या, थोडा वेळ थांबल्या आणि गुडघा सांभाळत परत फिरल्या. चावीने दार हलकेच उघडलं. आतल्या खोलीत खुडबुड चालली होती. "अशी नाही... जरा अशी," दिनानाथरावांचा आवाज आला. उमाताईंनी दार ढकललं.

आत दुसरी बाई नव्हती. आरशापुढे स्टुलावर दिनानाथराव होते. बनियनवर उमाताईंची जुनी इरकल गुंडाळलेली, डोक्यावरून पदर, पदराखाली काळ्या खोट्या केसांचं गंगावन. नाकाला जखमेवरच्या चिकटपट्टीने नथ चिकटवलेली. मांडीवर कागद, हातात पेन्सिल, आणि आरशाला टेकवून वाचनालयाचं जाडजूड पुस्तक उघडं ठेवलेलं.

"अहो!"

ते इतके दचकले की चिकटपट्टी सुटली आणि नथ ओठावर लोंबू लागली. "आधी खिडकी लाव," ते म्हणाले. "समोरचे बघतील."

उमाताईंनी खिडकी लावली आणि पलंगावर बसल्या. "बोला."

दिनानाथरावांनी पेन्सिल खाली ठेवली. मग म्हणाले, "तेराव्याला मावशीचा तरुणपणचा फोटो लावला होता. मी हार घालायला पुढे झालो आणि हातच थांबला. उमा, आपल्या भिंतीवरचीच बाई होती ती! फक्त नथ नव्हती. सख्ख्या बहिणी, थोड्या सारख्या दिसणारच, असं आजवर वाटायचं. मामांना विचारलं, तेव्हा त्यांनी सांगितलं. आईचा फोटो कधी काढलाच नव्हता. ती गेल्यावर बाबांनी चित्रकार आणला आणि मावशीला समोर बसवलं. नथ तेवढी आईची. तोंड मावशीचं."

"मग आई...?"

"मला आठवत नाही." त्यांनी तसबिरीच्या दिशेने बोट केलं. "आठवायला गेलं की हीच बाई समोर येते. जन्मभर मी मावशीला हार घातला गं, आणि ती जिवंत होती. आईला एक फूलसुद्धा नाही."

उमाताईंनी हातातली पूजेची पिशवी बाजूला ठेवली.

"गावात सगळे मला मातृमुखी म्हणायचे. थेट विठा, म्हणायचे. मी त्या सुरुचीला विचारलं, समोर माणूसच नसेल तर त्याचं चित्र कसं काढायचं? आधी तिशीतल्या बायकांचे चेहरे बघितले, आई तेवढ्याच वयाची होती ना. काही जमेना. मग तिने हे पुस्तक दिलं. यातले चित्रकार आरशात बघून स्वतःलाच काढतात. म्हटलं, असेल ती इथेच कुठे तरी. म्हणून मिशी काढली. कॅम्प दोनमधून हे केस आणले." त्यांनी कागद पुढे केला. कागदावर बटाट्याने पदर घेतल्यासारखं काही तरी होतं.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू विचारलं असतंस, कशावरून?" दिनानाथराव म्हणाले. "आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं."

हे उमाताईंना उशीखालच्या केसापेक्षाही जास्त लागलं. त्या उठल्या. लोंबणारी नथ त्यांनी हातात घेतली.

"उजवीकडे लावलीत. नथ डावीकडे असते."

"तसबिरीत बघून लावली."

"आरशात उलटं दिसतं, एवढंही त्या पुस्तकात नाही वाटतं?" त्यांनी नवी चिकटपट्टी कापून नथ डावीकडे नीट बसवली. पदर कपाळावर थोडा पुढे ओढला. काळं गंगावन काढून बाजूला ठेवलं. आतले पांढरे केस बोटांनी चापून बसवले. मग पूजेच्या पिशवीतली कुंकवाची पुडी उघडली आणि त्यांच्या कपाळावर ठसठशीत कुंकू लावलं. "आता बघा."

आरशात एक म्हातारी होती. थकलेली, हनुवटी हट्टी, डोळे पाण्याने भरलेले. दिनानाथराव तिच्याकडे बघत राहिले.

"पण ती एवढी म्हातारी कधी झालीच नाही," ते हळूच म्हणाले.

"आता झाली."

उमाताईंनी "कशावरून?" विचारलं नाही. डोक्यावरून पदर घेतला, दुखऱ्या गुडघ्यावर हात ठेवून खाली वाकल्या आणि स्टुलाजवळच्या पावलांवर कपाळ टेकवलं. लग्नाच्या दिवसानंतर त्या नवऱ्यापुढे कधी वाकल्या नव्हत्या.

दिनानाथरावांनी पाय मागे घेतले. "अगं, माझ्या काय पाया पडतेस?"

"तुमच्या कोण पडतंय?" उमाताई खालूनच म्हणाल्या. "हलू नका. सासूबाईंना आशीर्वाद देऊ द्या."