डोळे मीट, समृद्धी

गव्हाणच्या खाडीवर फ्लेमिंगो बघायला जायचं खूळ रोशनीचंच. पनवेलहून मायलेकी स्कूटीवर आल्या, बांधावर उभं राहून फोटो काढले, आणि आठ वर्षांची समृद्धी एक गुलाबी पीस उचलायला म्हणून खाली उतरली. चार पावलं नीट गेली. पाचव्या पावलाला चिखलाने तिला मांडीपर्यंत ओढून घेतलं.

रोशनी धावली, तर तीही गुडघाभर रुतली. कशीबशी मागे सरली. फोन झाले. अग्निशमनवाले निघाले होते, नवराही निघाला होता, पण भरती काही कुणासाठी थांबत नाही. चिखलातल्या चरांमधून पाणी पोरीकडे सरकत होतं. हलू नकोस, एवढंच रोशनी पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

तेवढ्यात तिला तो दिसला. एक माणूस फळीवर पोट टेकून, हातांनी चिखल मागे सारत, समृद्धीच्या पाठीमागून येत होता. अर्धा चेहरा जळून आवळलेला, एका डोळ्याला पापणी नाही, ओठ वर ओढला गेल्याने दात कायमचे उघडे. रोशनीची नजर पडताच त्याने तोंडावर बोट ठेवलं. भल्या माणसाला असं गुपचूप यायचं कारण काय? ती जिवाच्या आकांताने ओरडली, "समृद्धी, मागे बघ!"

पोरीने बघितलं. किंचाळली, हातपाय झाडले, आणि बघता बघता कमरेपर्यंत खाली गेली.

माणूस जागीच थांबला. तो गावातला दयाराम कोळी, चिखलातले निवटे मासे धरायला आलेला. होडीच्या इंजिनाला आग लागून तोंड भाजलं तेव्हापासून लहान पोरं त्याला बघून पळत, म्हणून बिचारा मागून येत होता. हे रोशनीला पुढे कळलं. तेव्हा तिला फक्त ते दात दिसत होते.

"बाय, पोरीला सांगा डोले मीट," तो म्हणाला. "मना बगून हलली तं अजून खाली जाईल. पानी आयलंय."

पाणी खरंच पोरीच्या पोटाला लागलं होतं. समृद्धीने रडत विचारलं, "मम्मी, ते चांगले आहेत का?"

रोशनीला कुठे माहीत होतं?

"चांगले आहेत," ती म्हणाली. "डोळे मीट." पोरीशी एवढं मोठं खोटं आपण कधी बोललो नाही, असं तिला वाटलं.

दयारामने समृद्धीच्या काखेखाली फळी सरकवली आणि तिच्या पायांभोवतीचा चिखल हातांनी उपसत राहिला. पाणी छातीशी आलं तेव्हा एक पाय सुटला, मग दुसरा. तिला फळीवर घालून, ढकलत ढकलत त्याने बांधापाशी आणलं आणि आईच्या मांडीवर ठेवलं.

रोशनी हुंदके देत लेकीला कवटाळून बसली. आणि कवटाळता कवटाळता, तिच्याही नकळत, तिची बोटं लेकीच्या गळ्याशी गेली आणि चिखलाने माखलेली तिची सोन्याची चेन चाचपू लागली.

दयाराम बघत होता.

"चेन गल्यातच हाय, बाय," तो म्हणाला. "मीच सांभाललीय. पडली असती तं नाव माजंच आलं असतं."