एका जागेचे दोन गार्ड

आमच्या कॉलेजच्या बास्केटबॉल संघात गार्डची जागा एक होती आणि पोरं दोन. चेंडू घेऊन पुढे यायचं, बाकीच्या चौघांना कुठं पळायचं ते दाखवायचं आणि धाप लागली तरी डोकं थंड ठेवायचं, हे गार्डचं काम. सामना चाळीस मिनिटांचा. त्यातली तीस एकाला मिळणार, उरलेली दुसऱ्याला. ज्याला मिनिटं नाहीत त्याची होस्टेलमधली खाट पुढच्या वर्षी जाते, हे फिलिपिन्समधल्या आमच्या इलोइलो शहरातल्या कुठल्याही पोराला वेगळं सांगावं लागत नाही.

मी विल्मा देसेना, त्या संघाची दुय्यम कोच. मोसमाच्या दोन आठवडे आधी मुख्य कोच आर्तेमियोंनी मला बोलावलं. म्हणाले, "दोघांना तू पहिल्या दिवसापासून बघतेयस. दोन वर्षांत कोण किती वाढला ते लिहून दे. माया बाजूला ठेव."

माया बाजूला ठेवायची म्हणजे नान्तेला बाजूला ठेवायचं. रेनांते गुमबान, समोरच्या गिमारास बेटावरचा. आईवडील नाहीत, थोरली बहीण निम्फा तिथल्या धक्क्यावर बोटीची तिकिटं फाडायची, तिनंच वाढवलेला. पहिल्या दिवशी तो तिघा सीनियरांच्या पायांमधून चेंडू काढून रिंगखाली पोचला होता आणि मागे वळून हसला होता. जोव्हेल पाल्मारेस त्याच दिवशी आला. जवळच्या पाविया गावचा, अंगानं जड, डावा हात नुसता लटकवलेला. त्याला बघून कोच म्हणाले होते, "या पोराला इथं कुणी पाठवलं, चुलत्यानं?"

पण मी जुन्या वह्या काढून बसले तेव्हा वेगळंच दिसायला लागलं. जोव्हेल रोज एक दाणा वाढत होता. वर्षभर त्यानं भातसुद्धा डाव्या हातानं खाल्ला. पोरं चिडवायची, हा ढिम्म. आता तो दोन्ही हातांनी पास द्यायचा आणि चेंडू क्वचित गमवायचा. नान्तेचं उलट. पहिल्या वर्षी एका सामन्यात दोनदा चेंडू जायचा, दुसऱ्या वर्षी पाचदा, सहादा. कोचांच्या मते पोराच्या डोक्यात हवा गेली होती. संध्याकाळच्या सरावात सगळे त्याच्यावर तुटून पडायचे.

"अरे नान्ते, बाजूनं हात येतोय, दिसत नाही का? बैल आहेस की काय!"

"त्याला कशाला दिसेल? तो गॅलरीतल्या पोरींकडे बघतोय."

नान्तेही हसायचा. म्हणायचा, "तुमच्या तोंडाकडे बघण्यापेक्षा ते बरं."

मी सामन्यांची चित्रणं पुन्हा लावली. चेंडू गेला की थांबवायचं, मागे न्यायचं, परत बघायचं. तिसऱ्या दिवशी माझ्या लक्षात आलं की समोरून आलेल्या माणसाकडून नान्ते कधीच हरत नाही. त्याचा प्रत्येक चेंडू बाजूनं गेला होता. दुसरा खेळाडू नुसता डोळा फिरवेल तिथं नान्ते अख्खी मान वळवायचा. आणि सकाळच्या सामन्यांत या चुका निम्म्यानं कमी होत्या. मग आठवलं, आमच्या कोर्टाबाहेरच्या अंधाऱ्या जिन्यावरून उतरताना हा पोरगा कायम भिंतीला हात लावून उतरतो.

आणखी एक गोष्ट होती. एरवी चार शब्द न बोलणारा जोव्हेल नान्तेबरोबर खेळताना सतत ओरडायचा. "उजवीकडे मी! डावीकडून एक येतोय!" मला वाटायचं, आता हा शहाणपणा शिकवायला लागला.

मी जोव्हेलला चेंडूंच्या खोलीत गाठलं.

"कधीपासून माहितीय तुला?"

"काय कोच?"

"नान्तेला दिसत नाही ते."

तो चेंडू पुसत राहिला. पुसलेलाच परत पुसला. "मी काही बोललो नाही हं, कोच. तुम्हीच म्हणालात."

"अरे, तो गेला तर जागा तुझी होते. कळतंय का तुला?"

"कळतंय की." चेंडू जाळीत टाकत म्हणाला, "पण अशी नको."

नान्तेला विचारलं तेव्हा आधी तो हसला. मग दार लावून घेतलं आणि बॅगेच्या तळातून चौपदरी घडीचा कागद काढला. एप्रिलच्या सुट्टीत तो एकटाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आला होता. नजर कडेकडून मिटत चालली होती आणि कमी उजेडात आणखी आक्रसायची. औषध नाही. आईचा भाऊ तिन्हीसांजेला धडपडत घरी यायचा, सगळं गाव त्याला दारुडा म्हणायचं. "मामानं आयुष्यात थेंब घेतला नव्हता, कोच," नान्ते म्हणाला. "आता कळतंय."

"निम्फाला सांगितलंस?"

"नाही. आणि तुम्हीही सांगायचं नाही." त्यानं माझं मनगट धरलं. "मला कोर्ट पाठ आहे. रेषेपासून रेषेपर्यंत किती पावलं, कोण कुठून वळतो, सगळं पाठ आहे. एक मोसम द्या. डिसेंबरपर्यंत. मग मी स्वतः सांगतो. नाहीतर मी काय करू, कोच? मला दुसरं काय येतं? सांगा ना, काय येतं?"

वीस वर्षांचा पोरगा जमिनीवर बसून लहान मुलासारखा रडत होता. मी त्याला उठवलं नाही, शेजारी बसले. मीही एकेकाळी खेळायचे. तेविसाव्या वर्षी गुडघा गेला तेव्हा माझ्यासाठी कुणी एक दिवससुद्धा मागून घेतला नव्हता. मी त्याला डिसेंबरपर्यंतचा शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी मी कोचांना अहवाल दिला. त्यात लिहिलं, 'नान्तेची गती कायम. चुका थकव्यामुळे. जोव्हेलला आणखी एक वर्ष लागेल.' पहिली दोन वाक्यं अर्धवट खोटी होती, तिसरं पूर्ण.

यादी लागली. नान्ते पहिल्या पाचात, जोव्हेल बेंचवर. जोव्हेलनं यादी वाचली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि बुटांच्या नाड्या बांधायला बसला.

पहिले दोन सामने सकाळी होते. नान्ते असा खेळला की माझा माझ्याच खोट्यावर विश्वास बसायला लागला. कोच म्हणाले, "विल्मा, तुझी नजर चांगली आहे हं."

तिसरा सामना संध्याकाळी, जुन्या जिममध्ये. एका बाजूचे दोन दिवे बंद होते. सामन्याआधीच्या सरावातच नान्ते दोनदा खांबाला धडकता धडकता वाचला. मी त्याच्या कानाशी जाऊन म्हणाले, "आज पोटात दुखतंय म्हणून सांग."

"नाही."

"नान्ते, ऐक माझं."

"तुम्ही शब्द दिलाय," तो म्हणाला.

कोच चार पावलांवर उभे होते. एक हाक मारायची होती फक्त. मी मारली नाही.

शेवटची तीन मिनिटं उरली तेव्हा आम्ही चार गुणांनी मागे होतो. कोचांनी दोघांनाही एकत्र उतरवलं. गॅलरीत ढोल वाजत होते, लोक बाकांवर उभे होते, जोव्हेलचं ओरडणं कुणालाच ऐकू येत नव्हतं. चेंडू सुटून मधल्या रेषेकडे घरंगळला. नान्ते त्याच्यावर झेपावला, सगळा जीव एकवटून. डावीकडून जोव्हेल आधीच वाकला होता, चेंडू त्याच्या हातात होता. नान्तेला चेंडू दिसला, जोव्हेल दिसला नाही. तो पूर्ण वेगानं त्याच्यावर कोसळला. जोव्हेलचा डावा हात जमिनीवर टेकलेला होता, दोघांचं वजन त्या मनगटावर आलं. मनगट मोडलेलं मला बेंचवरून दिसलं.

ढोल थांबले. नान्ते हातांनी चाचपडत विचारत होता, "कोण आहे? कोण लागलं?" जोव्हेल त्याच्या गुडघ्याशी पडला होता, दात आवळून. तो म्हणाला, "मीच आहे रे. ओरडू नकोस."

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात मी कोच आर्तेमियोंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी माया बाजूला ठेव म्हटलं होतं. तू डोकं बाजूला ठेवलंस." ते मला शिव्या देतील असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याच आठवड्यात मी संघ सोडला. आता मुलींच्या शाळेत कवायत शिकवते.

जोव्हेलच्या मनगटाला दोनदा शस्त्रक्रिया लागली. तो मोसम गेलाच. नान्तेला कॉलेजनं घरी पाठवलं. निम्फा त्याला घ्यायला आली तेव्हा माझ्या समोरून तशीच आत गेली. त्याची बॅग खांद्यावर टाकली आणि त्याला पुढं घालून निघाली.

पुढच्या वर्षी जोव्हेल परत आला. डावा हात पूर्वीसारखा वळत नाही. सामन्यात सहा-आठ मिनिटं मिळतात. खाट मात्र राहिली. तो मला भेटतो, मानानं वागतो. एकदा म्हणाला, "नान्तेकडे जाऊन या, कोच. मी जातो अधूनमधून."

मी गिमारासला गेले. नान्ते धक्क्यामागच्या बाकावर बसला होता, भर दुपारच्या उन्हात. मी समोर उभी राहिले तेव्हा त्यानं मला लगेच ओळखलं. बसा म्हणाला नाही.

"माफी मागायला आलात?"

"हो."

"कशाची? मला खेळवलंत त्याची?"

मी म्हणाले, "तू इतका रडत होतास, तोतो, पोरा..."

"रडणारच ना मी! मी भीक मागत होतो. तुम्ही कोच होतात." त्याचा आवाज फुटला. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर मी तुम्हाला जन्मभर शिव्या दिल्या असत्या. दिल्या असत्या तर दिल्या असत्या! जोव्हेलचा हात तरी राहिला असता. आता मी शिव्या कुणाला देऊ?"

तिकिटाच्या खिडकीतून निम्फा आमच्याकडे बघत होती. बोट लागली, माणसं उतरली, दुसरी चढली. नान्ते तोंड फिरवून बसला होता आणि मी त्याच्यासमोर उभी होते, उन्हात, जायचं की थांबायचं ते न कळून.

"जा," तो शेवटी म्हणाला. "बोट सुटेल."

मी गेले नाही. तोही पुन्हा जा म्हणाला नाही.