झुपक्याच्या मिशा

धाकटीला जुळ्या मुली झाल्या, त्या वर्षाची ही गोष्ट. डॉक्टरीणबाई पहिल्यापासून दोन म्हणत होत्या, पण माईंना काही ते पटलं नव्हतं. त्यांनी हट्टाने एकच पाळणा आणून ठेवला आणि मग ऐनवेळी दुसऱ्यासाठी पळापळ झाली. त्यामुळे ते वर्ष घरात कुणी विसरत नाही.

धाकटीचा नवरा कामासाठी लांब परगावी होता, म्हणून ती मुलींना घेऊन काही महिने आईवडिलांकडे राहायला आली. घर तिसऱ्या मजल्यावर. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि जिना असा की त्याचा दिवा लावला की चार दिवसांत जायचाच. घरात तात्या, माई आणि झुपक्या. झुपक्या हा कुत्रा.

तात्यांचा जन्म नाटकाच्या थिएटरात गेला. रंगमंचावरचं सामान त्यांच्या ताब्यात असे. एक प्रवेश संपला की दिवे जातात, आणि दिवे परत यायच्या आत टेबल, खुर्च्या, पलंग आपापल्या जागी लागलेले असावे लागतात. हे सगळं मिट्ट काळोखात. त्यासाठी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीचे तुकडे लावलेले असतात. खुर्चीचा पाय कुठे यायचा ते पट्टी सांगते. तात्यांना त्याची इतकी सवय लागली की निवृत्त झाल्यावर त्यांनी घरातही पट्ट्या चिकटवल्या. स्टूल वीतभर सरकलं तरी ते उठून जागेवर ठेवत.

"हे घर आहे की नाटक?" माई म्हणायच्या. "उद्या माझ्या पायाखाली पट्टी लावाल आणि म्हणाल, इथेच उभी राहा."

"तुझी जागा ठरलेलीच आहे," तात्या म्हणत. "तुझं भाषण लांबतं तेवढंच."

झुपक्या थिएटरातच सापडलेला. सामानाच्या खोलीत एका खोट्या खजिन्याच्या पेटीत पिल्लू झोपलं होतं, ते तात्यांच्या मागोमाग घरी आलं ते आलंच. अंगभर केस, डोळ्यांवर केस, पावलांवर केस. पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली, हे शेपूट हलल्याशिवाय कळायचं नाही. आता तोही म्हातारा झाला होता आणि तात्यांचा गुडघाही. जिना उतरताना झुपक्या एक पायरी पुढे चालायचा, वळण आलं की थांबायचा, तात्या दोर धरून मागून यायचे. शेजाऱ्यांना म्हणायचे, "डोळे त्याचे, दोर माझा."

पण आता घरात दोन तान्ह्या मुली. पाळण्यात केस, दुपट्यावर केस. एके दिवशी दुधाच्या बाटलीतच केस निघाला, तेव्हा धाकटीचा संयम संपला.

"तात्या, एक तर याचे केस जातील, नाहीतर मी जाईन."

एरवी माई त्याला कात्री लावायच्या, पण वरवर. तोंडाला तो हात लावू द्यायचा नाही आणि माईही नाद सोडायच्या. आता त्यांना वेळही नव्हता. म्हणून तात्यांनी त्याला दोन गल्ल्या पलीकडच्या कुत्र्यांच्या पार्लरमध्ये नेलं. काचेचं दार, आत साबणाचा वास, ॲप्रन घातलेली एक बाई. "ठेवून जा काका, दुपारी या," ती म्हणाली. दार लागताना झुपक्याने मान तात्यांच्या दिशेने वळवली, तेवढं त्यांच्या मनात राहिलं.

दुपारी जे कुत्रं तिने बाहेर आणलं, ते बघून तात्या म्हणाले, "हा आमचा नाही."

गुलाबी कातडी, काडीसारखे पाय, चेहरा गुळगुळीत, एका कानावर पट्टी. अंग थरथरत होतं. त्याने तात्यांच्या चपलेचा वास घेतला आणि त्यांच्या पायाला असा चिकटला की मग ओळख पटवायची गरजच उरली नाही. कानाचं काय, विचारलं तर बाई खाली बघून म्हणाली, "हलला तो." तात्यांनी दोर हातात घेतला. ते निघाले.

रस्त्यात झुपक्या त्यांच्या पायांत पायांत करत होता. जिन्यापाशी तर बसलाच. ओढला, चुचकारला, दटावला, हलायला तयार नाही. शेवटी तात्यांनी त्याला उचललं आणि गुडघ्याला शिव्या देत तीन मजले चढले.

घरी आणखी एक गोष्ट झाली होती. माई आणि धाकटीने मिळून पुढची खोली पार फिरवली होती. कपाट या भिंतीचं त्या भिंतीला, खुर्च्या खिडकीशी, मध्ये दोन पाळणे, आणि झुपक्याचं भांडं स्वयंपाकघरात. जमिनीवरच्या पट्ट्याही सुरीने खरवडून काढल्या होत्या. तात्या काही बोलायच्या आत झुपक्या खाली उतरला, नेहमीसारखा आत निघाला आणि धाडकन कपाटावर आपटला. मागे फिरला तो खुर्चीवर. तिथून बिचकून उडी मारली ती थेट पाळण्यावर. पाळणा कलंडला. धाकटीने झेप घेऊन धरला म्हणून बरं. दोघी मुलींनी एकदम सूर लावला.

"हे जनावर बिथरलंय!" धाकटीचे ओठ पांढरे पडले होते. "तात्या, मला याची भीती वाटते. हा इथे नको."

"अगं, त्या पार्लरवालीने त्याला काहीतरी..."

"कुणी का केलं असेना! उद्या मुलीच्या अंगावर पडला तर?" तिची एक मैत्रीण शेतावर राहत होती. त्या मैत्रिणीचा नवरा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी घेऊन गावात यायचा होता. कुत्रा शेतावर घेऊन जा, असं सांगायला धाकटीने त्याला तिथल्या तिथे फोन लावला. तात्यांनी माईंकडे बघितलं. माई काही बोलल्या नाहीत, आणि माई गप्प बसल्या म्हणजे निकाल लागला असं समजायचं.

झुपक्या दारामागच्या आपल्या गोणपाटावर भिंतीला नाक लावून बसला. खाल्लं नाही, पाणी प्यायला नाही.

सकाळी तात्या त्याला काखोटीला मारून पार्लरमध्ये गेले. वाटेत त्यांनी भांडणाची वाक्यं जुळवली होती.

"काय केलंत माझ्या कुत्र्याला?"

"काका, बसा."

"बसायला आलेलो नाही! कान कापलात, वेडं करून पाठवलंत. घरचे त्याला आज बाहेर काढतायत."

बाईने हातातली कात्री ठेवली. "कान माझ्या कात्रीने कापला. चूक माझी. काल तोंडावर सांगायचा धीर झाला नाही. पण काका, त्याला दिसत नाही, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"कुणाला दिसत नाही?"

बाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुम्हाला माहीत नाही?"

तात्यांनी भांडणाचं पुढचं वाक्य शोधलं, ते सापडेना.

"तोंडाचे केस काढल्यावर मला डोळे दिसले," ती म्हणाली. "कात्री अगदी समोर नेली तरी पापणी हलली नाही. गार पातं गालाला टेकलं तेव्हा एकदम उडाला, आणि कानाला लागलं. त्याच्या आधी मी मिशा कापून बसले होते. चेहरा साफ दिसावा म्हणून सगळ्यांच्याच कापते. याच्या कापायला नको होत्या."

"मिशांचं काय घेऊन बसलात? काल सकाळपर्यंत तो मला जिना उतरवत होता!"

बाईने दुकानाला कुलूप लावलं आणि ती त्यांच्याबरोबर जनावरांच्या डॉक्टरांकडे आली. डॉक्टरांनी झुपक्याच्या नाकासमोरून कापसाचा बोळा खाली सोडला. कान हलला नाही, मान हलली नाही. मग डोळ्यांत विजेरी मारली. एका डोळ्यात, दुसऱ्यात, पुन्हा पहिल्यात.

"गेलेत," डॉक्टर म्हणाले. "आजकाल नाही. दोन वर्षं तरी झाली असतील. हळूहळू जातात, कळत नाही."

"अहो, पण जिना..."

"जिन्यात दिवा असतो?"

"नसतो."

"मग तुम्हीच अडखळत असाल. त्याला कसला फरक?" डॉक्टर हसले, मग तात्यांचा चेहरा बघून हसायचे थांबले. त्यांनी झुपक्याच्या ओठांवरची खुंटं बोटाने दाखवली. "मिशा साध्या केसांसारख्या नसतात. भिंत जवळ आली की वारा वळतो, तो वारा यांना लागतो. पायरीची कड यांना कळते. बाकी नाक, कान आणि पाठांतर. मिशा येतील परत. तोवर त्याचे हात बांधलेत असं समजा."

बाहेर बाकड्यावर तात्या बसले, मांडीवर झुपक्या. पार्लरवाली बाजूला उभी होती, पण ती आहे हे त्यांच्या लक्षातही नव्हतं. त्यांना एकेक आठवत होतं. झुपक्याने चेंडू आणणं सोडलं होतं, आणि सगळे म्हणायचे, आळशी झाला. शेजारची मांजर त्याच्या नाकासमोर बसून अंग चाटायची, आणि सगळे म्हणायचे, शहाणा झाला. मोठ्या रस्त्याच्या कडेशी तो थांबायचा, गाड्यांचा आवाज सरला की निघायचा, आणि तात्या त्याच्या भरवशावर मागून जायचे. रोज. दोन वर्षं.

तात्यांनी आयुष्यभर काळोखात काम केलं होतं. काळोखातला आपण राजा, असं त्यांना वाटायचं. पण तो काळोख मिनिटभराचा, आणि तोही त्यांनीच लावलेल्या पट्ट्यांचा. या जनावराचा काळोख संपणाराच नव्हता, आणि तो त्यात शेपूट हलवत हिंडत होता, वर एका म्हाताऱ्याला घेऊन. तात्यांनी त्याच्या उघड्या, गुलाबी डोक्यावर हात ठेवला. देवळात ठेवावा तसा.

आणि मग त्यांना पट्ट्या आठवल्या. घरातली खुर्ची वर्षानुवर्षं हलली नव्हती, म्हणून ते घर त्याला पाठ होतं. एकाच दिवशी बाहेर त्याच्या मिशा गेल्या आणि घरात त्याच्या भिंती फिरल्या. निम्मा दोष पार्लरचा, निम्मा घरचा.

"चला काका, मी येऊन सांगते घरी," बाई म्हणाली.

"नको. माझ्या घरचे माझंच ऐकत नाहीत, तुमचं कुठून ऐकणार?"

घरी धाकटी झुपक्याच्या पांघरुणाची घडी घालत होती. तात्यांनी सांगितलं तर ती म्हणाली, "आंधळा? हा? परवा मला दारापर्यंत सोडायला आला होता! तात्या, त्याला ठेवून घ्यायला काहीही सांगाल."

तात्यांनी टॉवेल उचलला. "डोळ्यांना बांध. स्वयंपाकघरातून पेलाभर पाणी आण. याच घरात वाढलीस ना?"

"त्यात काय!" म्हणत धाकटी उठली, तोऱ्यात चार पावलं गेली आणि स्वतःच हलवलेल्या कपाटाची कड तिच्या नडगीला बसली. "आई गं!"

माईंना हसू आवरेना. "चालत राहा," तात्या म्हणाले. धाकटी दोन्ही हात पुढे करून फिरली, खुर्चीत अडकली, वळली, आणि आता पाळणे कुठल्या बाजूला आहेत तेच तिला कळेना. ती जागच्या जागी उभी राहिली. मग सावकाश खाली बसली. माईंचं हसू थांबलं.

टॉवेल सोडायला हात वर गेला आणि तसाच राहिला. खोलीत मुलींचा श्वास ऐकू येत होता आणि दारामागे झुपक्याचा.

"माझ्या मुली कुठे आहेत ते मला सांगता येत नाहीये," ती हळूच म्हणाली. "आणि हा रोज असा...?"

"रोज असा."

तिने टॉवेल काढला तेव्हा तो ओला होता.

मग तिघांनी मिळून खोली पुन्हा होती तशी लावली. पट्ट्या गेल्या होत्या, पण डिंकाच्या रेघा फरशीवर राहिल्या होत्या. तात्या रांगत बोटांनी त्या शोधत होते आणि माई खुर्चीचा पाय त्यावर आणून ठेवत होत्या. "इकडे घ्या. अहो, इकडे! थिएटरात काय दिवे लावलेत तुम्ही देव जाणे." पाळण्यांची जागा कधी ठरलेलीच नव्हती. ती धाकटीने ठरवली, भिंतीशी, वाटेच्या बाहेर, आणि पायांखाली पट्ट्या तिनेच चिकटवल्या. मग झुपक्याला दोर लावून तिने खोलीभर फिरवलं, प्रत्येक वस्तूला त्याचं नाक टेकवलं, पाळण्यांना दोनदा. संध्याकाळी मैत्रिणीचा नवरा आला तो चहा पिऊन रिकामी गाडी घेऊन गेला. शेजाऱ्यांनी जिन्यात नवा दिवा लावला तो त्याच आठवड्यात. तात्या मात्र झुपक्याला कडेवर घेऊन उतरत राहिले आणि गुडघ्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत.

पार्लरवाली कानाचं मलम घेऊन दोनतीनदा आली. झुपक्या तिच्यावर गुरगुरला, मग नुसता वास घेऊन निघून गेला. कात्री घेऊन मात्र त्याने पुन्हा तिला जवळ येऊ दिलं नाही, आणि तिनेही आग्रह धरला नाही.

मिशा आल्या, पांढऱ्या, आधी खुंटासारख्या, मग लांब. एका दुपारी तात्या खिडकीशी बसले होते. झुपक्या गोणपाटावरून उठला. स्टुलाला वळसा घातला, खुर्चीला न शिवता पुढे गेला आणि पाळण्याच्या वीतभर अलीकडे थांबला. तोंड हळूहळू पुढे केलं, मिशांची टोकं लाकडाला टेकेपर्यंत. गजांमधून एक इवलीशी मूठ बाहेर आली आणि तिने एक मिशी पकडून ओढली. झुपक्या हलला नाही. ती सोडेपर्यंत तसाच उभा राहिला.

तात्यांनी श्वास धरून ठेवला होता.

"अहो, डोळे पुसा," माई मागून म्हणाल्या. "नाहीतर तुम्हालाही दिसायचं नाही."

त्या संध्याकाळी झुपक्या आपल्या पायांनी जिना उतरला. जिन्यातला नवा दिवा अजून टिकून होता. पहिल्या वळणापर्यंत तात्यांनी डोळे मिटून घेतले आणि नुसता दोर धरून ते त्याच्या मागून गेले.

मुलींचा दुसरा वाढदिवस झाला, त्यानंतरच्या थंडीत, एका मंगळवारी सकाळी झुपक्या दारामागच्या गोणपाटावर झोपेतच गेला.