पान दोनशे बारा

छापील वाक्य: "या टीकेनंतर त्याने उत्क्रांतीचा विचार कायमचा सोडून दिला."

वाक्य तिचं, सत्तावीस वर्षांपूर्वीचं. उत्क्रांतीशास्त्राचा इतिहास लिहिणारी म्हणून तिचं जे काही नाव झालं, ते या एका ओळीच्या जिवावर. गोगलगायींचे शंख जमवणारा एक शाळामास्तर. एका बड्या प्राध्यापकाने भर सभेत त्याची टर उडवली आणि मास्तरच्या वह्या तिथेच थांबल्या. त्या वह्या तिने ग्रंथालयात बसून पानन् पान वाचल्या होत्या. शंख होते समोरच्या संग्रहालयात, मधे फक्त एक अंगण. पण कागदाच्या माणसाचं शंखांपाशी काय काम?

नवी आवृत्ती शुक्रवारी छापायला जायची होती. मुखपृष्ठाला शंखाचा फोटो हवा, म्हणून मंगळवारी तिने अंगण ओलांडलं.

खोडलेलं वाक्य: वरचंच.

झालं असं. शंखांची कपाटं सांभाळणाऱ्या बाईंनी खण ओढला. "मॅडम, शंखांखालच्या चिठ्ठ्या जपून हं. मागच्या बाजूलाही खरडलंय मास्तरनं. कागद वाया घालवायचा नाही, अगदी आमच्या सासऱ्यांसारखा!"

"मागे?"

तिने एक उलटली. "ओढ्याकाठी पट्टेवाल्या जास्त, माळावर पिवळ्या. पक्षी आधी कुणाला टिपतात?" तारीख सभेच्या चार वर्षांनंतरची. दुसरीवर नऊ वर्षांनंतरची.

तिने तिसरीही उलटली. "अशा किती आहेत?"

"तीनशेच्या वर. कुणी विचारलंच नाही कधी."

संध्याकाळी धाकट्या बहिणीचा फोन आला, तिला तिने सगळं सांगितलं. "ताई, गप्प राहा. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"मग पड तोंडघशी. पण थाटात पड! इतकी वर्षं त्या बिचाऱ्याला गप्प बसवलंस, आता जरा बोलू दे की."

ती हसली. कधी नव्हे ती मोकळी हसली, आणि हसता हसताच तिने प्रकाशकाला फोन लावला. "छपाई थांबवा. पान दोनशे बारा चुकलंय."

"एकच पान ना? उद्या देता?"

"नाही हो. त्याच्यापुढचं सगळंच."

पलीकडे मोठा सुस्कारा. मग, "बरं. पण नवीन काहीतरी सापडलंय, असं धरू ना?"

"धरा."

बुधवारी सकाळी कपाटवाल्या बाईंनी न विचारताच दुसरं स्टूल खणाशेजारी सरकवलं. बाई चिठ्ठ्या उलटायच्या, ती उतरवून घ्यायची.

कच्चं वाक्य: "या टीकेनंतर त्याने वह्या सोडल्या, आणि..."

"पुढची द्या," ती म्हणाली.