चिकट मूठ

रबर वितळून चिकट झालं होतं, आणि त्या चिकटपणात चार बोटांचे चार खळगे उमटले होते — ट्रायपॉडच्या मुठीवर, कॅमेरा फिरवताना माणूस हात ठेवतो नेमके तिथे. तिने नकळत आपली बोटं त्या खळग्यांत ठेवली आणि ती बसली, मापाने शिवून घेतल्यासारखी बसली... शी! तिने हात झटकला, पण काळा चिकटा बोटांबरोबरच आला.

ही ब्याद माळ्यावरून खाली काढायची तिची मुळीच इच्छा नव्हती. पण हौसेने घेतलेला नवा, हलका ट्रायपॉड वर्ष संपायच्या आतच पाय घसरवू लागला होता, रस्त्यावरून बस गेली तरी थरथरायचा, आणि नाकडोळे फिसकटलेले ओळखपत्राचे फोटो घेणार कोण? हे जुनं धूड मात्र हलायचं नाव घेत नव्हतं. बाबांसारखंच. जाऊन इतके दिवस झाले, तरी स्टुडिओतून हलत नव्हते.

स्पिरिट, चिंध्या, बोथट सुरी. ती रबर खरवडू लागली. अंगावरच्या मळाच्या निघतात तशा वळ्या निघत होत्या, आणि वास — जुन्या रबराचा असेल, घामाचा असेल, की नुसता तिच्या डोक्यातला... पाय उघडताना जाड नळी आधी, बारीक शेवटी. मधला दांडा होता होईतो वर काढायचा नाही, तो वर गेला की कॅमेरा डुलतो. खालच्या आकड्याला वजनाची पिशवी. सगळं बाबांनीच शिकवलेलं, आणि त्यातलं एकही खोटं ठरत नव्हतं, हाच तर संताप होता. माणूस निदान कामात तरी भिकार असायला हवा होता, म्हणजे सगळा एकाच गाठोड्यात बांधून फेकता आला असता.

कारण तिने पाहिलं होतं. शाळेतून आली की ती पडद्यामागे अभ्यासाला बसायची, आणि फटीतून बाबांचा एक हात या मुठीवर दिसायचा आणि दुसरा... ‘हनुवटी जरा वर’ म्हणत दोन जोडलेली बोटं समोरच्या बाईच्या हनुवटीखाली जायची, चेहरा वळवायची, आणि वळवून झाल्यावरही तिथेच राहायची. फोटोला लागतं त्याहून जास्त वेळ. एका बाईने नंतर बाहीने हनुवटी पुसली होती — हळूच, कोणाला दिसू नये अशी. ते फोटो अजून भिंतीवर आहेत. लोक वाखाणतात, काय नजर होती हो तुमच्या वडिलांची! आणि ती मान डोलावते — ती, जिला त्यातल्या प्रत्येक चेहऱ्यावर फक्त आवळलेला जबडा दिसतो.

आई आतल्या खोलीतून आली आणि उघड्या पडलेल्या धातूकडे बघत राहिली. त्यांच्या हाताची वस्तू, म्हणाली, एवढी सोलून काढायला काय झालं होतं?

“हात फार लावायचे ते बायकांना,” ती बोलून गेली, आणि घाईघाईने सुरी पुसू लागली.

आई जराही दचकली नाही. “लावायचे,” ती म्हणाली. “हात लावल्याशिवाय पोझ येत नाही म्हणायचे. धंदाच तसला.” आणि खाली पडलेल्या काळ्या वळ्या केरसुणीने गोळा करून घेऊन गेली.

म्हणजे आईला ठाऊक होतं... ठाऊक असूनही ती त्या हातांना वर्षानुवर्षं वाढत आली, पुसायला पंचा देत आली. आता किळस नेमकी कोणाची करायची, तेच कळेना. मूठ तर स्वच्छ झाली होती.

दुपारी एक मुलगी आली. पहिल्याच नोकरीच्या अर्जासाठी फोटो हवा होता, म्हणून केस चापूनचोपून बसवले होते. मुलीला स्टुलावर बसवून तिने ट्रायपॉडचे पाय उघडले, पिशवी अडकवली. बाहेरून बस गेली तरी चौकट जागची हलली नाही. फक्त मुलीची मान खाली जात होती. वर घ्या म्हटलं की फारच वर, इतकी नको म्हटलं की पुन्हा खाली. अंगात आलेला कंटाळा, मागे खोळंबलेलं काम... ती कॅमेऱ्यामागून पुढे झाली. एक हात मुठीवर. दुसरा तिने उचलला नव्हता, तो उचललाच गेला — दोन बोटं जोडलेली.

मुलीचा जबडा आवळला. हा चेहरा तिच्या ओळखीचा होता, भिंतभर होता.

बोटं हवेतच राहिली. लागली नव्हती. नव्हती ना?

“तुमची तुम्हीच घ्या,” ती कशीबशी म्हणाली. “समोरच्या खिळ्याकडे बघा.”

फोटो स्वच्छ आला, लखलखीत. मुलीने कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहून छान आलाय म्हटलं, पैसे दिले, आणि दारातून बाहेर पडता पडता बाहीने हनुवटी पुसली. उकाडा तर होताच. सगळेच घाम पुसत होते.

तिने साबण लावून हात धुतले, पुन्हा धुतले. पुढचं गिऱ्हाईक स्टुलावर येऊन बसलं होतं, खाकरत होतं. ती परत कॅमेऱ्यामागे गेली आणि मुठीला हात लावला. धातू कोमट होता. निदान ही ऊब तरी बाबांची नव्हती.